पियानो वर चढेल का

१ मार्च, रविवार

भिंगरीच्या आईस,

पहिल्याच ओळीत अडलो. 'प्रिय' लिहिलं तर तू भुवया चढवशील, आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटेल. म्हणून वर लिहिलंय तेच राहू दे. तुझ्या ताईने हा पत्रांचा तोडगा काढला तेव्हा मी हसलो होतो. पण तीन महिने झाले, दर शनिवारी भिंगरीच्या दप्तरातून तुझं पाकीट येतं, रविवारी संध्याकाळी माझं जातं, आणि एवढ्या दिवसांत आपलं एकदाही वाजलेलं नाही. फोनवर तीन मिनिटं पुरायची. ताईला सांग, मी तिला मानलं.

आता मुद्द्याचं. पियानोच्या बाई महिनाअखेरीस बहिणीकडे राहायला जाणार, तिथे एकाच पियानोला जागा आहे, म्हणून दुसरा, तो जुना उभा पियानो, भिंगरीला देऊ म्हणतात. काही न घेता. न्यायची सोय तेवढी आपण करायची. ते नसेल जमत तर कीबोर्ड घ्यायचा. तू विचारलंस की मला काय वाटतं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पियानो चढेल का.

विचारलंस याचं बरं वाटलं, हे आधी सांगतो. सोळा वर्षं लोकांचं सामान हलवतोय. साठ-सत्तर पियानो तरी उचलले असतील, एकही वाजवलेला नाही. तेव्हा माझं मत हे पाठीचं मत आहे, कानाचं नव्हे. पण पाठीलाही बरंच कळतं. मी बघितलेल्या निम्म्या घरांत पियानोवर फोटो मांडलेले असतात, आणि झाकण उघडलं तर आत पेन्सिली नि केसांच्या पिना सापडतात. मुलीने हौसेने सुरुवात केली, दोन वर्षांत हौस फिटली, आणि सव्वादोनशे किलोचं धूड भिंतीला टेकून राहिलं. पोरं पियानो सोडतात, पियानो घर सोडत नाही.

भिंगरी आठ वर्षांची आहे. शिकायला लागून जेमतेम चार महिने झालेत. गेल्या वर्षी तिला चित्रकार व्हायचं होतं, त्याआधी दातांचा डॉक्टर. कीबोर्ड घ्यावा असं मला वाटतं. सुरात लावून घेण्याची कटकट नाही. कानाला हेडफोन लावला की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकणार नाहीत. आणि काखोटीला मारून कुठेही नेता येतो. आठवडाभर तुझ्याकडे, शनिवार-रविवार माझ्याकडे. हे आपलं सहज सुचलं म्हणून लिहिलं.

जिना मात्र मोजून बघायला हवा. गुरुवारी दुपारी मोकळा आहे. तू शिवणाच्या दुकानात असशील, पण भिंगरी शाळेतून आलेली असेल. मी मोजून जातो, घरात येत नाही.

भिंगरीचा बाबा


८ मार्च, रविवार

भिंगरीच्या आईस,

जिना मोजला. सरळ सांगतो, कठीण आहे.

पायऱ्यांची अडचण नाही, पायऱ्या ऐसपैस आहेत. अडचण आहे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर. उभा पियानो तिथे कडेवर उभा करून फिरवावा लागतो. त्याला भिंतीपासून कठड्यापर्यंत निदान एकशे तीस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. तुझ्याकडे एकशे चोवीस भरली. सहा सेंटिमीटर कमी. तुला वाटेल सहा म्हणजे काय, तीन बोटं. पण लाकडाला पोट आत घेता येत नाही. कठडा कापायचा म्हटलं तर घरमालक आपल्याला कापेल. खिडकीतून घ्यायचं तर क्रेन लागेल, रस्ता अडवायची परवानगी लागेल, आणि तुझी खिडकीही अरुंद आहे. मी दोनदा मोजलं. टेप नवीन आहे. भिंतीचा गिलावा एका ठिकाणी फुगलाय, तोही धरला आहे.

भिंगरीने टेपचं टोक धरलं होतं. फार मन लावून धरते. मापं घेण्यात तुझ्यावर गेली आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या रस्त्यावर वाद्यांचं दुकान आहे, तिथला पोरगेला विक्रेता भला माणूस निघाला. म्हणाला, शिकाऊ मुलांना कीबोर्डच बरा. त्यात दोनशे आवाज आहेत, पावसाचासुद्धा आहे. मी एक बघून ठेवलाय. तू हो म्हण, पुढच्या शनिवारी आणतो.

बाईंना माझ्या वतीने सांग की त्यांचे उपकार आहेत, पण जिन्याने घात केला.

भिंगरीचा बाबा


१५ मार्च, रविवार

भिंगरीच्या आईस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, 'ठीक आहे. आण.' तीन शब्द. कापड बेततानाही तू इतकी काटकसर करत नसशील.

कीबोर्ड आणला. काल खोलीत मांडला. माझी खोली तू पाहिलेली नाहीस. टायरच्या दुकानामागे आहे, एक पलंग, एक टेबल, एक कपाट. जगाची घरं हलवतो, आणि माझं घर एका खेपेत हललं, तेही गाडीत निम्मी जागा उरवून. तर टेबलावरचं सगळं पलंगावर टाकलं आणि तिथे कीबोर्ड मांडला. भिंगरीने पावसाचा आवाज वाजवून बघितला, घंटांचा वाजवला, हसली. मग बाईंनी शिकवलेलं वाजवायला घेतलं आणि थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबली. मी म्हटलं, काय गं, बिघडलाय का. तर म्हणते, "बाबा, याला हळू बोलता येत नाही."

मी बटण फिरवून आवाज लहान केला. "असं नाही," म्हणाली. "सगळंच लहान झालं आता. मला एकच लहान हवाय."

मी दुकानात गेलो. त्या पोराने खरं काय ते सांगितलं. पियानोची पट्टी हलकेच दाबली तर सूर हळू येतो, जोराने दाबली तर मोठा. आतमध्ये हातोडी असते, ती बोटाचं ऐकते. मी घेतलेल्या कीबोर्डात ते नाही. कसंही दाबा, तो एकाच सुरात बोलतो, माझ्या साहेबासारखा. ज्यात ते येतं तो वजनदार पट्ट्यांचा असतो, पियानोएवढ्याच अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि तो काखोटीला बसत नाही, दोन माणसं लागतात. म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, तुम्हीच विचारलंत की उचलायला हलका कोणता.

असो. शिकाऊ आहे, होईल सवय. दुपारी तिच्या पोटात दुखत होतं, जेवली नाही नीट. मागच्या शनिवारी तर ठीक होती. तुझ्याकडे असताना दुखतं का, कळव.

भिंगरीचा बाबा


१७ मार्च, मंगळवार

हे पत्र पोस्टाने पाठवतोय. दप्तरातून नाही पाठवू शकत. वाचशील तेव्हा कळेल का ते.

परवा संध्याकाळी मी पाकीट चिकटवून भिंगरीच्या दप्तरात ठेवत होतो. ती बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, मी आईला एकशे चौतीस सांगितलं नाहीये."

जिना एकशे चौतीस भरला होता. तुझी मुलगी टेपचं टोक कठड्याला धरून उभी होती, मी भिंतीकडून ओढली, आणि आकडा बघायला तीच धावत आली. मोठ्याने वाचला तिने. जिन्यात घुमला तो. मी म्हटलं, शाबास. आणि घरी येऊन तुला एकशे चोवीस लिहिलं. एकशे तीस लागतात हे खरं आहे. म्हणजे चार सेंटिमीटर उरतात. अवघड आहे, पण माझ्यासारख्याला अवघड नाही. याहून वाईट वळणं मी काढली आहेत.

सोळा वर्षांत मी मापात कधी खोटं बोललो नाही. गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी, 'बसेल हो' म्हणून कपाट जिन्यात अडकवून ठेवलं नाही. आमच्या धंद्यात माणूस बाकी कसाही चालतो, मापाचा पक्का लागतो. आणि खोटं बोललो ते कुठे, तर इथे.

का ते सांगतो. पियानोबद्दलच्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस की बाईंचं म्हणणं आहे, भिंगरीने रोज वाजवायला हवं, मध्ये दोन दिवस गेले की बोटं विसरतात. तू साधंच लिहिलं होतंस. पण मी ते चार वेळा वाचलं. पियानो तुझ्याकडे. रोज म्हणजे शनिवारीही आणि रविवारीही. मग माझ्याकडे काय उरतं? मी आठवड्यातले दोनच दिवस तिचा बाप असतो, ते दोनही त्या धुडाखाली जाणार असं वाटलं. कीबोर्ड असता तर तिच्याबरोबर आला असता. म्हणून जिना दहा सेंटिमीटर कापला.

तिला कसं कळलं ते विचारलं. म्हणाली, माझं पत्र वाचल्यावर तू तिच्यासमोर बोललीस, 'एकशे चोवीसच आहे म्हणे, पियानो नाही येणार.' तेव्हा ती गप्प बसली. आठवडाभर गप्प होती. माझ्या खोलीत येऊन पावसाचा आवाज वाजवून हसली, तेही मला बरं वाटावं म्हणून असणार. तिला तो पियानो हवा होता. बाईंच्या घरी त्याच्याच समोर ती शिकली आहे. आणि तरी बापाला खोटं पडू दिलं नाही. पोटात दुखणार नाही तर काय होईल.

मी काय केलं माहितेय? नाडी घट्ट करून दिली आणि तुझ्या दारापर्यंत सोडून आलो. काल एका घरी शिवणयंत्र उचलताना ते हातातून निसटलं, जोडीदाराने सावरलं म्हणून बरं. आमचा जोडीदार म्हणजे पहिलवान, वजन पंचेचाळीस किलो. त्याने विचारलं, बरं नाहीये का. म्हटलं, बरं आहे.

वेगळे होताना तू मला म्हणाली होतीस, "तू खोटं बोलत नाहीस. तू नुसतं सांगत नाहीस, आणि ते जास्त वाईट आहे." पाठ धरली होती तेव्हा सहा महिने सांगितलं नाही, आठवतं ना. कामावरून कमी करतील या भीतीने तुझ्याशीही हसत राहिलो, आणि तुला माझ्या खिशातल्या गोळ्यांवरून कळलं. त्या वेळी मला वाटलं होतं तू उगाच ताणतेस. आता तर मी खोटंही बोललो. मला माझी लाज वाटते. हे लिहिताना वाटतेय आणि तू वाचशील तेव्हाही वाटत असेल.

आणि यापुढे पत्रं दप्तरातून नकोत. काय लिहिलंय ते तिला ठाऊक नसतं, पण आत काहीतरी आहे हे ठाऊक असतं. पोस्ट आहे की.

बाईंना नाही कळवलं असशील तर त्यांना थांबव. उशीर झाला असेल तर मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बोलतो.


२४ मार्च, मंगळवार

भिंगरीच्या आईस,

तुझं पत्र हातात घेऊन टायरच्या ढिगावर बसून वाचलं. उभं राहून वाचवेना.

तर तुला माहीत होतं. माझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून आलीस, गळ्यातली टेप काढलीस आणि वळणावर स्वतः मोजलंस. एकशे चौतीस. दोनदा मोजलंस. माझं चुकलंच, दिवसभर लोकांच्या कमरा मोजणाऱ्या बाईला मी माप फसवायला निघालो होतो. आणि बाईंना तू नाही म्हटलंच नव्हतंस. तू लिहिलंयस, 'महिनाअखेरपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तू सांगतोस का ते बघायचं होतं.' म्हणून ती तीन शब्दांची चिठ्ठी.

आधी रागच आला. म्हटलं, ही मला परीक्षेला बसवते. मग वाटलं, परीक्षा कसली, तू माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसली होतीस. तिघांच्या घरात तिघांनाही खरा आकडा ठाऊक, आणि तिघंही गप्प. असं घर शोधून सापडणार नाही.

'मीही चुकले. तिला लगेच विचारायला हवं होतं, तिचं ओझं उतरलं असतं,' असं तू लिहिलंस. तुझी चूक माझ्या चुकीच्या पोटातली आहे, ती माझ्याच नावावर राहू दे. पण लिहिलंस म्हणून माझं डोकं जरा वर आलं. शनिवारी मी तिला समोर बसवून सांगितलं की बाबा खोटं बोलला, आणि आईला सगळं कळवलं. तिने विचारलं, आई ओरडली का. म्हटलं, नाही. "मग तू का रडतोयस," म्हणाली. जेवली मात्र पोटभर, माझ्या ताटातलंही संपवलं.

आता कामाचं. येत्या शुक्रवारी सकाळी पहिलवान आणि मी, शिवाय आणखी दोघं, बाईंकडून पियानो काढतो. दहापर्यंत तुझ्याकडे. बाहेरच्या भिंतीला लावू नकोस, ओल असते, आतल्या खोलीच्या भिंतीला जागा कर. आल्यावर निदान दोन आठवडे तो मुरू दे, मग सुरात लावणाऱ्याला बोलव. तोवर जरा बेसूर वाजेल, त्याने काही बिघडत नाही.

राहिलं शनिवारचं. तू विचारलंस, 'मग शनिवारचं काय?' मी खूप विचार केला. बाईंचं बरोबर आहे. शनिवार तिला तुझ्याकडे राहू दे. मी रविवारी सकाळी नेतो, संध्याकाळी सोडतो. रविवारी एक दिवस बोटं विसरली तर सोमवारी आठवतील. हे मी मनापासून लिहितोय, तोंडदेखलं नाही. हात मात्र जड झालाय.

भिंगरीचा बाबा


३० मार्च, सोमवार

भिंगरीच्या आईस,

शुक्रवारी गडबडीत नीट बोलणं झालं नाही. तू पाणी दिलंस, मी प्यालो, चौघंही खाली उतरलो. तेव्हा जे बोलायचं होतं ते आता लिहितो.

मी आजवर उचललेल्या पियानोंत हा सगळ्यात जड होता. वजनाने नव्हे, वजनाने बेताचाच होता. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, याला काही झालं तर मी पुन्हा खोटा. वळणावर आम्ही त्याला कडेवर उभा केला. भिंतीकडे दोन सेंटिमीटर, कठड्याकडे दोन. मी भिंतीच्या बाजूला होतो. माझ्या बोटांची सालं निघाली, पण पियानोला ओरखडा नाही, तू बघितलंसच. शाळा बुडवून भिंगरी वरच्या पायरीवरून सूचना देत होती, "डावीकडे, अजून, आता थांबा." पहिलवान मला म्हणाला, ही पोरगी आपल्या गाडीवर घेऊन टाक. मी म्हटलं, तिला वेळ नाही, तिला सराव असतो. हे बोलताना मला चक्क अभिमान वाटला. मलाही पटेना.

मग तिने वाजवून दाखवलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, मी तुझ्याकडे बघत नव्हतो, त्यामुळे दोघांनीही नीट ऐकलं असेल. मध्येच ती थांबली, मला वाटलं संपलं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "बाबा, अजून अर्धं आहे." बाकीचे तिघं हमाल हसले, तू हसलीस. मग ती उरलेलं अर्धं वाजवायला लागली, आणि शेवटी एक सूर तिने इतका हळू दाबला, की खोलीत कुणी हललं असतं तर तो ऐकू आला नसता. तोच तो. तोच तिला कीबोर्डवर मिळत नव्हता. मी त्या सुराला आडवा आलो होतो. मी उचलायचे पट्टे गुंडाळायला घेतले आणि निघालो.

परवाचा शनिवार वाईट गेला. सकाळी उठलो, सवयीने दूध जास्त आणलं. कुठे जायचं नव्हतं. तिच्या चपला असतात ती जागा झाडून काढली, मग पहिलवानाच्या घरी जाऊन बसलो. त्याच्या बायकोने विचारलं, आज मुलगी नाही का. मी म्हटलं, आज ती पियानो वाजवतेय. दोन वेळा सांगितलं, तिने एकदाच विचारलं होतं.

काल ती आली. छान गेला दिवस. कीबोर्डवर तिने तासभर नुसते ड्रम बडवले आणि टायरवाल्याने दार ठोठावून विचारलं, काय पाडताय. संध्याकाळी पाच वाजताच तिला सोडायची वेळ होते, हे नवीनच कळलं. आधी दोन दिवस होते तेव्हा रविवारची संध्याकाळ इतकी लवकर येत नसे.

मी दिलेला शब्द फिरवत नाहीये. शनिवार तिचा. पण मला एक हवंय, आणि या वेळी मी ते कशाच्या आड न लपवता मागतो. तू म्हणालीस, शनिवारी ती सकाळी दहा ते अकरा वाजवते. त्या तासाला मी येऊन बसू का? दाराजवळच्या खुर्चीवर बसेन. बोलणार नाही. चहा करू नकोस. संपल्यावरच टाळ्या वाजवीन, आणि संपलं की नाही ते तिला विचारून. अकरा वाजले की उठेन.

नाही म्हणालीस तरी चालेल. चालणार नाही खरं तर, पण मी ऐकेन.

भिंगरीचा बाबा